विंडोज पुन्हा टाकल्यावर उबुंटू निवडण्याचा मेनू दिसत नाही, तो परत कसा आणावा?

विंडोजचे विभाजन (डिस्कचा स्वतंत्र भाग, पार्टिशन) फॉरमॅट करून ते नव्याने टाकल्यावर संगणक थेट विंडोजमध्येच सुरू होत असला, तरी उबुंटूचे विभाजन बहुधा शाबूत असते. बदललेला असतो तो बहुधा केवळ बूटचा क्रम, म्हणजे संगणक कोणती प्रणाली आधी सुरू करतो तो क्रम. म्हणून आधी यूईएफआयच्या (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या यादीत उबुंटूची नोंद आहे का ते पाहावे आणि असल्यास ती सर्वांत वर आणावी. बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागते. नोंदच नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून उबुंटू थेट चालवता येते अशा पेनड्राइव्हवरून), तीही यूईएफआय पद्धतीनेच, संगणक सुरू करावा, उबुंटूचे मूळ विभाजन व त्याच्या आत ईएफआय विभाजन (बूटच्या फाइल असलेले छोटे विभाजन) माउंट करावे, म्हणजे वापरासाठी जोडावे, डेव्ह, प्रॉक आणि सिस (/dev, /proc, /sys) या डिरेक्टरी जोडून सीएचरूट (chroot) करावे, म्हणजे डिस्कवरील उबुंटूच्या आत शिरून आज्ञा देता येतील असे करावे, आणि मग ग्रब, म्हणजे हा मेनू दाखवणारा प्रोग्राम, परत बसवण्यासाठी 'ग्रब-इन्स्टॉल' (grub-install) व 'अपडेट-ग्रब' (update-grub) या आज्ञा क्रमाने चालवाव्यात. यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायॉस पद्धतीत मात्र ग्रब संपूर्ण डिस्कवर बसवायचा असतो, एखाद्या विभाजनावर नव्हे. घाईत नेमकी इथेच चूक होते. मेनू परतला पण त्यात विंडोज दिसत नसेल, तर त्याचे कारण साधे आहे: ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद असतो, तो ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सुरू करून 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवावे.