स्टीलच्या फुल-सस्पेन्शन सायकलचा मागचा शॉक जांबोटीच्या वाटेवर सारखा तळाला आदळतो. हवा किती भरावी?

आधी सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असं सगळं घालून, शॉकचा लॉक उघडा ठेवून अलगद सायकलवर बसा. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवा आणि न उसळता उतरा. स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त दबण्याचं अंतर, 55 मिमी असेल तर रिंग 16 मिमीच्या आसपास सरकायला हवी, म्हणजे साधारण 30 टक्के. जास्त सरकली तर 5-5 पीएसआय हवा वाढवा. दर वेळी शॉक दहादा सावकाश दाबा, नाहीतर आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळत नाही आणि माप खोटं येतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. पंप काढताना येणारी फुस्स पंपाच्या नळीतल्या हवेची असते, घाबरू नका.

सॅग बरोबर असूनही आदळतो? मग हवा वाढवू नका, जांभ्या दगडावर चाक उडायला लागेल. त्याऐवजी एक व्हॉल्यूम स्पेसर, म्हणजे शॉकमधली हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा, घाला.

आणि स्टील आहे, हे विसरू नका. खानापूरकडच्या पावसात फिरून आलात की सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेमच्या नळ्यांतलं पाणी निथळू द्या. गंज आतूनच धरतो. पावसाळ्याआधी नळ्यांत गंजरोधक तेल फवारा, पिव्हटचे (मागच्या फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे) बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळा.