पॅरामेडिक व्हायचंय? आधी रुग्णवाहिकेवर काम कर

पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवर औषधांसह प्रगत उपचार करणारा. त्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेश घेऊ का, असं विचारलंस. अमेरिकेत आधी ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचार करणारी तंत्रज्ञ, व्हावं लागतं. तो अभ्यासक्रम साधारण दीडशे-दोनशे तासांचा, पॅरामेडिकचा त्यापुढे वर्ष-दीड वर्षाचा.

माझं ऐक, मधे वर्षभर तरी रुग्णवाहिकेवर काढ. न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवी पथकं आहेत, त्यात नाव घाल. मी घाई केली होती. ईसीजी वाचता यायचा, पण श्वासासाठी तडफडणारा माणूस समोर आला आणि हात थिजले. रात्री दोन वाजता आजोबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवताना, घाबरलेल्या आजींना धीर देताना जे शिकशील, ते वर्गात मिळत नाही.

अभ्यासात खरी दमछाक करतात त्या हृदयाच्या लयी आणि औषधांच्या मात्रा. हृदय थांबलं तर प्रौढाला शिरेतून १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, दर ३ ते ५ मिनिटांनी. जीवघेण्या ॲलर्जीत तेच औषध मांडीच्या स्नायूत, ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. औषध एकच, मात्रा आणि वाट वेगळी, आणि इथली गल्लत जिवावर बेतते. नुसतं घोकू नकोस, कारण समजून घे. त्यासाठी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय आधीच करून ठेव.

रुग्णालयातल्या पाळ्या सुरू झाल्या की घराकडे लक्ष देता येत नाही. घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. आणि कधी एखादं लहान मूल वाचलं नाही, तर त्या रात्री एकटी राहू नकोस. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.