कोऱ्या पानांचा रंग

प्रश्न : आजोबांच्या हस्ताक्षरातली भजनाची वही आम्ही ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून घेतली. करणाऱ्याने कोऱ्या बाजू गाळून फक्त लिहिलेल्या ७७ बाजू दिल्या. पुस्तिका छापायला घेतली, तर डावं पान उजवीकडे जातंय. गाळलेल्या बाजू ११ आहेत, पण वही आता भावाकडे परगावी आहे. पेंटमध्ये पांढरी पानं केली, त्यांचा आकार जुळेना. काय करू?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : कोऱ्या बाजूही हव्यात असं तुम्हाला वाटलं, हे फार चांगलं झालं. आजोबांनी एखादं भजन संपवून मागची बाजू मोकळी सोडली असेल, तर तीही त्यांच्या वहीचाच भाग आहे.

इमेजमॅजिक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात कमांड टाइप करून चित्र बनवता येतं. कमांड इंग्रजीतच टाइप करायची, इथे मी उच्चार देतो. मॅजिकचं स्पेलिंग magick, शेवटी के विसरू नका. × च्या जागी इंग्रजी एक्स, स्पेस दाखवल्या तशाच. साधं पांढरं पान असं होतं :

मॅजिक -साइझ १७४८×२४८० एक्ससी:व्हाइट कोरं.जेपीजी

हे ३०० डीपीआयला ए-५ झालं. जुन्या लेखांत मॅजिकऐवजी कन्व्हर्ट दिसेल. ते विंडोजवर वापरू नका, तिथे त्याच नावाची डिस्कची वेगळी कमांड आहे. आणि व्हाइटच्या जागी नन, म्हणजे पारदर्शक, लिहू नका. डीटीपीच्या पहिल्या वर्षी मी ते केलं होतं. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, पान काळं होतं. एका कवितासंग्रहाच्या प्रूफमध्ये समर्पणामागचं पान काळंकुट्ट छापून आलं आणि कवयित्री माझ्यासमोर ते हातात धरून बसल्या होत्या. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

पण तुमच्या वहीला पांढरं पान देऊ नका. पिवळसर पानांमध्ये ते ठिगळासारखं दिसेल. वहीच्याच कागदाचा रंग घ्या. समजा ०४७ या पानाचा वरचा डावा कोपरा मोकळा आहे :

मॅजिक ०४७.जेपीजी -क्रॉप १००×१००+५०+५० +रीपेज -स्केल १×१! -स्केल १७४८×२४८०! कोरं.जेपीजी

डावीकडून ५० आणि वरून ५० पिक्सेल सोडून कागदाचा छोटा चौकोन कापला जातो. तो एका पिक्सेलमध्ये आटवला की त्या कागदाचा सरासरी रंग उरतो, मग तोच पानभर पसरतो. दुसऱ्या स्केलचं उद्गारचिन्ह विसरलात तर पान उभं न राहता चौरस होईल. चौकोनात शाई किंवा शिवणीची सावली आली तर रंग मळकट येतो, मग ५० चे आकडे बदलून जागा हलवा. १७४८×२४८० च्या जागी तुमच्या स्कॅनचा आकार घाला, तो 'मॅजिक आयडेंटिफाय ०४७.जेपीजी' दिल्यावर कळतो. मूळ स्कॅनमधून काढल्यामुळे ३०० डीपीआयची नोंदही सोबत येते. पेंटमधल्या पानांचं बहुधा तिथेच बिनसलं असावं.

आता या फाइलच्या ११ प्रती करा आणि ०१२अ, ०३१अ अशी नावं द्या, म्हणजे प्रत्येक आपल्या जागी बसेल. कुठली बाजू कोरी होती, ते मात्र भावाला वही उघडून फोनवर सांगू द्या, अंदाजाने ठरवू नका.

एकूण ८८ बाजू होतात. चारने भाग जातो, त्यामुळे सेंटर पिनच्या, म्हणजे कागद मधोमध दुमडून पिन मारलेल्या (एका कागदाच्या चार बाजू) पुस्तिकेत जादा कोरं पान घालावं लागणार नाही.