टाइप फोर आली, मग अ‍ॅग्री नको का?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी, गाव दारव्हा तालुक्यात. मोबाइलवर एनिग्राम टेस्ट दिली, म्हणजे माणसांचे स्वभाव नऊ टाइपमधे वाटणारी, तर टाइप फोर आली. तेव्हापासून मी गोष्टीतल्या सगळ्यांचे नंबर काढत बसते. सिंड्रेला टू, हिमगौरीची सावत्र आई थ्री, बदकाचं कुरूप पिल्लू फोर, भोपळ्यातली म्हातारी एट. रिझल्टखाली लिहून आलं की फोरनं आर्टिस्ट नाहीतर सायकॉलॉजिस्ट व्हावं. बाबा म्हणतात बीएस्सी अ‍ॅग्री कर. काय करू?

उत्तर : बेटा, तुझ्या रिझल्टपेक्षा मला ही यादीच जास्त कामाची वाटली, म्हणून आधी तिच्यावरच बोलतो.

म्हातारीला तू एट दिला, म्हणजे दबंग, कोणाच्या बापाला न भिणारी. अगं पण ती वाघाशी भांडते कुठं? लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते मग खा, असं सांगून ती मरण पुढं ढकलते अन् येताना भोपळ्यात बसून येते. पोटात भीती आहे म्हणूनच इतका बंदोबस्त आहे, मी तर तिला सिक्सच देईन. सिंड्रेलाचंही तसंच, ती दिवसभर राबते ते आपल्याला कोणी जीव लावावा म्हणून, का घरात कटकट नको म्हणून? पहिलं असेल तर टू, दुसरं असेल तर नाइन, झाडू तोच. एनिग्राममधे माणूस काय करतो यापेक्षा काहून करतो ते पाहतात, आणि जुन्या गोष्टी नेमकं तेच सांगत नाहीत, म्हणून तुझं माझं दोघांचंही उत्तर अंदाजच. आणि एक, सावत्र आईला पहिला नंबर पाहिजे म्हणून थ्री दिला ते ठीक, पण मत्सर हा एनिग्राममधे फोरच्या खात्यात लिहिलेला आहे, ते तू सोयीनं विसरली आणि फोरला गरीब बिचारं पिल्लू देऊन मोकळी झाली! सगळेच करतात असं.

आता टेस्टचं. आजची ही नऊ टाइपची मांडणी ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो या दोघांनी साधारण १९७० च्या आसपास पुढं आणली, ती स्वतःला ओळखण्यासाठी, नोकरी निवडायला नाही. शास्त्रीय पुरावाही तिच्यामागे तोकडाच. त्यामुळं फोरनं हे व्हावं, फाइव्हनं ते व्हावं या याद्यांवर कॉलेज ठरवू नको. कामाची आवडच तपासायची तर जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाची, आवडीचे सहा गट पाडणारी पद्धत बरी, पण तीही बोलणं सुरू करायलाच.

सायकॉलॉजीचं सरळ सांगतो, नुसत्या बीएवर सायकॉलॉजिस्टची पाटी लागत नाही. पुढं एमए, आणि क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करायला जायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स करून नोंदणी, म्हणजे वर्षं बरीच जातात आणि तोवर घरून पैसा लागतो. काम मात्र आपल्याकडे खूप आहे, यवतमाळात शेतकऱ्यांचं मन सांभाळायला सरकारला प्रेरणा प्रकल्प आणावा लागला यातच काय ते समज. दुसरीकडे अ‍ॅग्री म्हणजे नुसतं फवारणी अन् माती परीक्षण असं तुला वाटत असेल तर तसं नाही. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, चार वर्षांची डिग्री, आणि त्यात विस्तार शिक्षण नावाचा विषय आहे. शेजारच्यानं नवीन वाण लावलं तरी हा कास्तकार जुनंच काहून लावतो, सांगितलेलं पटतं पण करत काहून नाही, हे त्यात शिकतात. म्हातारीचा नंबर काढताना तू हेच तर करत होती, फक्त घाईत. मला विचारशील तर माझा कल इकडे आहे, पण आधी एक दिवस गावातल्या कृषी सहायकासोबत वावरात फिर, आणि एकदा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन तिथल्या मॅडम नाहीतर सरांना विचार की दिवसभर काय काय करावं लागतं.

बाबांना एवढ्यात नंबर देऊ नको. त्यांनाही आधी विचार, अ‍ॅग्रीच काहून? वावर सांभाळायला, सरकारी नोकरीच्या आशेनं, का पोरगी अकोल्यापर्यंतच जाईल, पुण्याला नाही म्हणून? तिसरं असेल तर सायकॉलॉजीचं कॉलेज अमरावतीला पाहता येईल, वाद तिथंच अर्धा मिटतो. ते काय म्हणतात ते मला कळव, एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता भरून टाक, अ‍ॅग्रीची अ‍ॅडमिशन त्यावर होते.