पिट्युटरीची गाठ म्हणजे ब्रेन ट्यूमरच ना, डॉक्टर?

या महिन्यात पिट्युटरीच्या गाठीवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. शाळेत आपण जिला पीयूष ग्रंथी म्हणायचो तीच ही, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळाला हाडाच्या छोट्याशा खोबणीत बसलेली. थायरॉइड, पाळी, वाढ, दूध, स्टिरॉइड सगळ्यांचे हुकूम इथूनच सुटतात. इथल्या गाठी जवळजवळ सगळ्याच साध्या असतात, म्हणजे कॅन्सर नाही. पण साधी असली तरी ती कुठला हार्मोन जास्त बनवतेय का आणि शेजारी कुणाला दाबतेय का, एवढं मात्र बघावंच लागतं.

प्रश्न: माझं वय २७. सात महिने पाळी नाही, छातीतून थोडं दूध येतं. प्रोलॅक्टिन (दुधाचा हार्मोन) १४८ आलं, एमआरआयमध्ये ६ मिलिमीटरची गाठ दिसली. घरात सगळे ब्रेन ट्यूमर ब्रेन ट्यूमर करून रडतायत, सासूबाई म्हणतात आता मूल होणार नाही. अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल रोज सकाळी उपाशीपोटी घेते, बाकी काही औषध नाही. ऑपरेशन करावं लागेल का? (एक वाचक, सांगली)

ताई, आधी रडणं थांबवा, घरच्यांनाही हे वाचून दाखवा. आणि एक काम आत्ता करा, त्या कॅप्सूलची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीला डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का? आपल्याकडे ही जोडगोळी घराघरात वर्षानुवर्षं चालू असते, कोणी तिला औषध मानतच नाही, आणि या दोन्ही औषधांनी प्रोलॅक्टिन शंभरच्या वर गेलेलं मी कित्येकदा बघितलंय. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून ती कॅप्सूल बंद करायची, आठवड्याभराने शांतपणे बसून, सुई टोचायच्या भीतीने घाबरंघुबरं न होता, परत तपासायचं. सोबत गरोदरपणाची टेस्ट आणि टीएसएच (थायरॉइडला पिट्युटरीकडून जाणारा हुकूम) पण करा, कारण थायरॉइड कमी असला तरी प्रोलॅक्टिन वाढतं. हे सगळं एमआरआयच्या आधी व्हायला हवं होतं. (कोणाला मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी प्रोलॅक्टिनसाठी त्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नयेत, आधी सायकियाट्रिस्टशी बोला.)

कॅप्सूल बंद करूनही आकडा तेवढाच राहिला तर मग ही प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन जास्त बनवणारी गाठ, आणि खरं सांगू का, पिट्युटरीच्या गाठींमधली ही सगळ्यात समजूतदार गाठ. ऑपरेशनचा विषय बहुतेक वेळा येतच नाही. कॅबरगोलिनची गोळी असते, सुरुवातीला साधारण अर्धी गोळी आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर घ्यायची म्हणजे मळमळ आणि चक्कर कमी होते. काही आठवड्यांत आकडा खाली येतो, पाळी परत सुरू होते, गाठही आकसते. किमान दोन वर्षं घ्यावी लागते, मग डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. घरच्यांना एक सांगून ठेवा, या गोळीने क्वचित कोणाला जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, वागण्यात असा फरक दिसला तर लपवू नका.

मुलाचं म्हणाल तर होतं, छान होतं. उलट सावध राहा, कारण गोळी सुरू झाल्यावर पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, लहान गाठ असेल तर गोळी सहसा तेव्हा थांबवतात.

प्रश्न: माझ्या मामांचं वय ४९. डायबेटिस आणि बीपी दोन वर्षांपासून, घोरणं इतकं की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. चपलेचा नंबर ८ वरून १० वर गेलाय, हाताला मुंग्या येतात. लग्नातली अंगठी रुतली म्हणून सोनाराकडे जाऊन कापून काढली. सगळे म्हणतात वजन वाढलंय. (एक वाचक, नाशिक)

वजनाने बोटं जाड होतात हो, पण पन्नाशीला आल्यावर पाऊल दोन नंबरांनी लांब होत नाही. घरातला लग्नाचा अल्बम काढा, त्यातला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवा, नाक रुंद झालंय का, खालचा जबडा पुढे आलाय का, दातांत फटी पडल्यात का ते बघा. रोज बघणाऱ्यांना हे दिसतच नाही, दहा वर्षांनी भेटलेल्या मित्राच्या मात्र पटकन लक्षात येतं. हे अ‍ॅक्रोमेगाली असू शकतं, म्हणजे गाठ ग्रोथ हार्मोन जास्त बनवतेय. आयजीएफ-१ ची रक्ततपासणी करा, ग्रोथ हार्मोन जास्त असला की हा वाढतो. ती वाढलेली आली तर लागलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोन खाली उतरतो का ते बघतात (निरोगी माणसात उतरतो) आणि मग एमआरआय. इथे पहिला उपाय ऑपरेशनच, काही गाठ मागे राहिली तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन, कधी रेडिएशन. हार्मोन ताब्यात आला की शुगर आणि बीपी पण बऱ्याचदा सुधारतात. मामांना टाळाटाळ करू देऊ नका, कारण यात हृदय हळूहळू जाड होत जातं आणि ते बाहेरून कळत नाही.

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, बाजूने येणारी गाडी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फरक नाही. आता २८ मिलिमीटरची गाठ निघाली. नाकातून ऑपरेशन म्हणतात, ते खरंच होतं का? (एक वाचक, परभणी)

खांदा आपटतोय ही खूण तुमच्या लक्षात आली हे फार बरं झालं. पिट्युटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, गाठ खालून वर चढली की त्या दाबल्या जातात आणि दोन्ही बाजूंची बाहेरची नजर जाते, समोरचं मात्र स्पष्ट दिसतं म्हणून चष्म्याचा नंबर काढताना काही सापडत नाही. पेरिमेट्री नावाची, बाजूची नजर मोजणारी तपासणी लगेच करून घ्या.

ऑपरेशनच्या आधी एक आग्रह धरा, प्रोलॅक्टिन झालंय का? एवढी मोठी गाठसुद्धा प्रोलॅक्टिनोमा असेल तर गोळीने आकसते. आणि गाठ फार मोठी असली की कधीकधी लॅब खोटाच कमी आकडा दाखवते, म्हणून नमुना पातळ करून परत तपासायला सांगा.

आणि हो, नाकातूनच करतात. डोकं भादरत नाहीत, कवटी उघडत नाहीत. नाकपुडीतून दुर्बीण घालून मागच्या पोकळीतून त्या खोबणीचं तळाचं हाड काढतात आणि गाठ तुकड्यातुकड्याने बाहेर घेतात, गरज पडली तर पोटाची थोडी चरबी लावून तळ बुजवतात. नजर काहींची दोन-चार दिवसांत उघडते, फार दिवस दाबलेली असेल तर पूर्ण येत नाही, म्हणून तारीख पुढे ढकलू नका. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, भरती व्हायच्या आधी त्यांच्याशी बोला.

घरी आल्यावर बाबांनी नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, शौचाला जोर नाही. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं, खारट टपकलं तर सर्दी समजू नका, लगेच हॉस्पिटल. लघवी किती होते ते आठवडाभर मापाने मोजून वहीत लिहा. सातव्या-आठव्या दिवशी डोकं दुखून मळमळ, गोंधळल्यासारखं झालं तर सोडियम तपासा. आणि स्टिरॉइडची गोळी दिली असेल तर ती एक दिवसही चुकवायची नाही! ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट, उलटीमुळे पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन. नुसता टीएसएच नॉर्मल आला म्हणून थायरॉइड ठीक असं इथे समजायचं नसतं, फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) बघायचा, कारण टीएसएच बनवणारी ग्रंथीच दुखावलेली आहे.

प्रश्न: अर्धशिशीसाठी एमआरआय काढला, ४ मिलिमीटरची गाठ दिसली. हार्मोन सगळे नॉर्मल. झोप उडालीय. (एक वाचक, म्हापसा)

झोपा निवांत. साधारण दहातल्या एका माणसात शोधलं तर अशी बारीकशी गाठ सापडते आणि बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ता नसतो. तुमची डोकेदुखी तिच्यामुळे नाही, अर्धशिशीचे उपचार चालू ठेवा. अचानक कधी अतिशय तीव्र डोकं दुखून उलट्या आणि एकाचे दोन दिसायला लागले तरच धावत जायचं, तेव्हा गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. नाहीतर एक वर्षाने परत एमआरआय काढा, आणि आत्ताची सीडी कपाटात नीट जपून ठेवा, पुढच्या वर्षी दोन्ही शेजारी लावून बघायच्या असतात, नुसता कागदावरचा रिपोर्ट पुरत नाही.