वंशवादाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

प्रिय अभ्यासकास,

सप्रेम नमस्कार. वंशवाद, म्हणजे वंशावरून माणसांत उच्चनीच भेद करणे, समजून घेण्यासाठी आधी काय वाचावे, असे तू विचारले आहेस. बहुतेक जण माणसांच्या मनातल्या द्वेषापासून सुरुवात करतात. तू कायद्यांपासून करावीस, असे मला वाटते. मनातले नाकारता येते, कायदा मात्र लिहिलेला असतो.

जीवशास्त्राचा भाग लवकर आटोपतो. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच आढळते, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवून दिले. त्वचेचे रंग खरे आहेत. त्यांवरून आखलेल्या सीमा माणसांनी ठरवल्या, आणि त्या कोणाच्या सोयीने ठरल्या, हा अभ्यासाचा खरा विषय आहे.

उत्तर अमेरिकेतील इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीचा १६६२ चा कायदा पाहा. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मुलाचा दर्जा वडिलांवरून ठरत असे. या कायद्याने तो आईवरून ठरवला, त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही त्याची मालमत्ता ठरू लागले. द्वेषापेक्षा हिशेब इथे जास्त दिसतो.

पुढे १७९० च्या अमेरिकी कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तींना नागरिकत्व खुले ठेवले. गोरे कोण, हे मात्र सांगितले नव्हते. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जपानमध्ये जन्मलेल्या ताकाओ ओझावा यांचा अर्ज, ते कॉकेशियन (युरोपीय लोक ज्यात मोडत, त्या वंशाचे तेव्हाच्या शास्त्रातले नाव) वंशाचे नाहीत म्हणून, फेटाळला. काही महिन्यांतच, १९२३ साली, अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद त्याच न्यायालयासमोर आले. तत्कालीन वंशशास्त्र भारतीयांची गणना कॉकेशियनांत करत असे; तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवून ‘गोरे’ कोण याबाबत सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली आणि थिंद यांनाही नाकारले. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिली होती. कसोटी बदलली, निष्कर्ष तोच राहिला. (एवढी स्पष्ट कबुली इतिहासात क्वचितच मिळते.)

कायदा रद्द झाला तरी त्याचे परिणाम लगेच थांबत नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ दाखवल्या गेल्या आणि सरकारी हमीच्या गृहकर्जांपासून त्या वस्त्या वंचित राहिल्या. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारांतील असा भेदभाव बेकायदा ठरवला. परंतु घर हीच सामान्य कुटुंबाची मोठी संपत्ती असल्याने, जे आजोबांना घेता आले नाही ते नातवाला वारशात मिळणार कुठून?

म्हणून वंशवादविरोध म्हणजे मन स्वच्छ ठेवणे एवढेच आहे, असे कोणी सांगितले तर ते अपुरे समज. अपराधी वाटून घेण्यात वेळ घालवू नकोस. एखादा नियम कागदावर सर्वांना सारखा दिसत असला, तरी त्याचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो हे तपासणे आणि तो बदलण्यासाठी झटणे, हे त्याहून कष्टाचे काम आहे. आणि ज्यांनी हे सोसले आहे त्यांचे लेखन वाचताना, प्रतिवाद सुचला तरी आधी ते पूर्ण वाच.

ओझावा आणि थिंद यांची निकालपत्रे फार मोठी नाहीत. ती लागोपाठ वाच आणि तुझी टिपणे मला पाठव. पुढचे वाचन त्यावरून ठरवू.

तुझा,
एक शिक्षक