गिअर पडत नाही म्हणून एफडी मोडायची?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या तिलकनगरमधल्या एका ताईंकडे 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 68,000 किलोमीटर चाललेली. हल्ली सकाळी पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो. इंजिन बंद असलं की मात्र सगळे गिअर अलगद पडतात. गॅरेजवाल्याचा अंदाज 42,000: गिअरबॉक्स खोलून दुरुस्ती 26,000, क्लच सेट 11,000, मजुरी 5,000. डीलर आहे त्या अवस्थेत 1.15 लाख देतो; चालू स्थितीतल्या अशाच गाडीला 1.60 लाख सांगतात. यजमानांचं म्हणणं, जीएसटी उतरलाय, ही विका, 2 लाखांची एफडी मोडा, 5 लाख कर्ज काढा आणि नवी घ्या. घरात महिन्याला 62,000 येतात. गृहकर्जाचा हप्ता 18,500 आणि गाडीच्या पेट्रोलसकट घरखर्च 35,000.

ताई, इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण 26,000 रुपयांचा निकाल बहुतेक त्यातच आहे. गिअरबॉक्सच्या आत सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकला असता किंवा काही अडकलं असतं, तर इंजिन बंद असतानाही लिव्हर अडला असता. सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळावेत म्हणून त्यांचा वेग सारखा करणारी कडी) झिजली तर सहसा एखाददुसराच गिअर कुरकुरतो, तोही चालत्या गाडीत. तुमच्याकडे फक्त इंजिन चालू असताना अडचण येते. म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, इंजिनपासून गिअरबॉक्स वेगळा होत नाही आणि त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणारा दांडा) फिरतच राहतो. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून तो आधी ओरडतो.

खात्री घरीच करता येईल. मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबा, दुसरा पाय ब्रेकवर ठेवा आणि स्टार्ट करा. गाडी पुढे ओढ घेत असेल, तर क्लच सुटत नाही. मग पेडल तीन-चार वेळा भराभर पंप करून गिअर टाकून बघा. आता पडला, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये (पेडलचा दाब द्रवातून क्लचपर्यंत नेणाऱ्या नळीत) हवा आहे किंवा गळती आहे. पेडलच्या वरच्या बाजूला मास्टर सिलिंडरपाशी आणि खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडरपाशी ओल शोधा. फ्लुइडची पातळी बघा. कोणत्या प्रकारचं, डॉट 3 की डॉट 4, ते फ्लुइडच्या छोट्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. तुमची गाडी केबल क्लचची असेल, तर केबलच्या तारा उसवल्यात का आणि पेडलला ढिलाई जास्त आहे का, एवढंच बघायचं. हे दोष सहसा गिअरबॉक्स न उतरवता निघतात आणि क्लच सेटच्या मानाने स्वस्तात सुटतात.

तिथे काही सापडलं नाही, तर क्लच सेट बदला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच घालावं, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी प्रत्येक वेळी तेवढीच लागते. तुमच्याच अंदाजपत्रकाप्रमाणे हे 16,000. गिअरबॉक्स खाली आला की जुनं गिअर ऑइल ताटलीत काढायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. ड्रेन बोल्टला राखाडी लगदा असणं नेहमीचं; धातूचे तुकडे निघाले तरच त्या 26,000 ची चर्चा करायची. जुने भाग परत मागा.

आता हिशेब. हप्ता आणि घरखर्च गेल्यावर तुमच्याकडे 8,500 उरतात. 5 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 10,379. म्हणजे दर महिन्याला 1,879 ची तूट, तीही नव्या गाडीचा जास्तीचा विमा न धरता. दोन्ही हप्ते मिळून पगाराचे साडेसेहेचाळीस टक्के जातील आणि त्याच वेळी एफडीही गेलेली असेल. घरात आजारपण आलं तर पैसे कुठून आणणार? पाच वर्षांचं व्याज सुमारे 1.23 लाख होतं, म्हणजे डीलर तुमच्या गाडीला देतोय त्याहून जास्त.

आणि गाडी विकायचीच ठरवलीत, तरी दुरुस्त करूनच विका. सांगितलेली किंमत हातात पडत नसते, म्हणून 1.60 चे 1.50 धरू. दोषामुळे 35,000 कापले जातायत. 16,000 घालून दुरुस्त केलीत, तर 19,000 जास्त मिळतात. पूर्ण 42,000 लागले, तर विकताना 7,000 चा तोटा; तेव्हा मात्र ती ठेवून वापरणंच शहाणपणाचं. नोंदणी 2029 पर्यंत आहे. पुढे फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवता येते.

जीएसटीचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के झालाय, हे खरं. पण तो दर आहे, दिवाळीचा सेल नव्हे. विम्याकडूनही आशा ठेवू नका, झीज त्यात बसत नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल, तर टोइंग, म्हणजे गाडी ओढून नेण्याची सोय, मात्र मिळेल.

ते टोइंग वापराच. क्लच न सुटणारी गाडी पलासियाच्या गर्दीत किंवा सिमरोल घाटात जोर लावून गिअर टाकत चालवलीत, तर चांगले असलेले सिंक्रो खरोखर झिजतील आणि आज न लागणारे 26,000 उद्या लागतील. 16,000 म्हणजे तुमची दोन महिन्यांची शिल्लक. बचत खात्यातून द्या, क्रेडिट कार्डाचे हप्ते पाडू नका. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलात, तर पहिल्याचं अंदाजपत्रक दाखवू नका. फक्त लक्षणं सांगा आणि तो आधी कुठे हात घालतो ते बघा.